आज काय आलंय?

पहाटे पावणेपाच

मार्केट यार्डातल्या फुलबाजारात भाव आधी कानाला कळतो, मग खिशाला. गुलटेकडीच्या फाटकातून आत शिरलं आणि आडते हाका मारून बोलावत असले, की समजायचं माल जास्त आलाय, उठाव नाही. निवांत चहा पीत बसले असतील, तर आज वाकायची पाळी आपली. आज मार्गशीर्षातला गुरुवार, वर लग्नाची तिथी. सगळे चहा पीत बसलेत.

इथे एकाच छपराखाली दोन बाजार भरतात. एकीकडे सुटी फुलं, किलोच्या हिशेबाने: यवतकडचा झेंडू, सासवडकडची शेवंती, गुलछडी, ॲस्टर. महालक्ष्मीच्या घटासाठी आज घरोघरी हार, वेणी आणि पाच झाडांची पानं लागणार, म्हणून शेवंती बुधवारीच चढून बसलेली असते. दुसरी बाजू आमची, काडीच्या फुलांची. पेपरात बाजारभावाच्या रकान्यात ‘डच गुलाब (२० नग)’, ‘जरबेरा (१० नग)’, ‘लिलियम (१० काड्या)’ असं बारीक अक्षरात छापून येतं ना, ती. किलोवाले आम्हाला हौशी समजतात. समजोत बापडे. त्यांची शेवंती रात्री उरली तर सकाळी थोडा भाव पाडून जाते. माझा जरबेरा मान टाकून बसला तर तो थेट ओल्या कचऱ्यात.

माझ्या नेहमीच्या गाळ्यावर लाल गुलाबाचे मोजके बंच. डेकोरेशनवाले तीन वाजताच येऊन लाल उचलून गेले. लाल म्हणजे इथे बहुतेक ‘टॉप सिक्रेट’, मावळच्या पॉलिहाऊसमधलं. पिवळा ‘गोल्ड स्ट्राइक’ भरपूर आहे, पीच आहे, पांढरा थोडा. उरलेल्या लालमधला एक बंच उचलून कागद जरा सरकवते आणि कळीच्या बुडाशी दोन बोटांनी हलकं दाबते. कळी टणक लागली तर आजची. बोटाखाली मऊ दबली तर परवाची, फ्रीजमधून फिरून आलेली. बाहेरच्या पाकळ्या थोड्या काळपट, चुरगळलेल्या असल्या तर बिचकायचं कारण नाही. त्या कळीचं अंगावरचं पांघरूण, दुकानात काढून टाकायच्या असतात. नव्या गिऱ्हाइकाला नेमक्या त्याच दिसतात आणि तो चांगला माल नाकारतो. काडीचं टोक तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर मात्र पुढे चालू पडायचं.

‘ताई, बघा, पण दाबू नका,’ आडत्या म्हणतो. रोज म्हणतो. मी रोज दाबते.

साठ सेंटिमीटरची काडी महाग आणि चाळीसची स्वस्त. फूल पुष्कळदा सारखंच असतं, पैसे उंचीचे. लहान बुकेला साठची काडी घेऊन निम्मी कापून फेकण्यात काय अर्थ? मी मिसळून घेते. लालचे दोन बंच, पिवळ्याचे आणि पीचचे भरपूर, गुलछडीच्या काड्या, पांढरी शेवंती काडी, जरबेरा, थोडी जिप्सी, कामिनीचा पाला. ऑर्किड थायलंडहून येतं, प्रत्येक काडीच्या बुडाला पाण्याची नळी लावून. ते एकच पाकीट. लिलियमचा भाव ऐकून न ऐकल्यासारखं करते.

निघताना मावळातला एक शेतकरी भेटला. माल टेम्पोने पाठवतो, पण पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे अडकले की स्वतः येतो. त्याला विचारलं, छाटणी कधी? म्हणाला, नाताळच्या सुमारास. छाटणीपासून फूल हाताशी यायला पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात, म्हणजे चौदा फेब्रुवारीचा गुलाब डिसेंबरच्या अखेरीस झाडावर ‘ठरतो’. त्या छाटणीमुळे जानेवारीत मधेच माल तुटतो आणि तेव्हा लग्नं असली की आमचे हाल. मधल्या काळात थंडी जास्त पडली तर कळी रेंगाळते, ऊन तापलं तर आठवडाभर आधी उमलून बसते. प्रेमाची तारीख पक्की असली तरी झाडाला ती कोण सांगणार, हे त्याचं वाक्य. शिवाय मंडपात आता प्लास्टिकची फुलं लटकतात, ती न सुकता पाच लग्नं काढतात. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सकाळी सात

दुकान कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत. माल टेबलावर टाकून लगेच बुके बांधायला घेतले तर संध्याकाळी बोंब. आधी फुलांना पाणी प्यायला दोन-तीन तास द्यावे लागतात.

कारागीर बंगालचा आहे, मामा आमचे वाईकडचे. मामा सासऱ्यांच्या वेळेपासून हार ओवतात. त्यांच्या मते बुके ही फुलांना काठीला बांधायची पद्धत. पण साफसफाईत त्यांच्याइतका कडक माणूस नाही. बादल्या रोज साबणाने घासायच्या, कारण फूल तहानेने मरतं त्यापेक्षा घाणेरड्या पाण्याने जास्त मरतं. पाण्यात बुडणारं प्रत्येक पान काढायचं. ते कुजलं की पाण्यात जंतू, जंतूंनी काडीच्या नळ्या बुजल्या की वर फूल पाण्यावाचून. काडीचं टोक तिरकं कापायचं, धारदार कात्रीने, जमलं तर पाण्याखाली. हवेचा बुडबुडा आत गेला की गुलाबाची मान वाकते. लोकांना वाटतं फूल शिळं होतं. तसं नसतं, वाकलेला गुलाब कागदात ताठ गुंडाळून, टोक पुन्हा कापून, खोल पाण्यात दोन तास उभा केला तर बहुतेक वेळा मान वर करतो. घरीही करून बघा.

जरबेराचं उलटं. त्याची काडी पोकळ आणि लवेची, खोल पाण्यात सडते. त्याला बादलीच्या तळाशी दोन-तीन इंच पाणी पुरे. येताना प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी असते, ती काढायची आणि मान नाजूक असेल तर काडीवर पारदर्शक स्ट्रॉ चढवायची. गुलाब फ्रीजमध्ये खूश, ऑर्किड आणि अँथुरियम थंडीने काळे पडतात, ते बाहेर कोपऱ्यात. कार्नेशनजवळ फळ ठेवायचं नाही. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन त्या वायूने झोपतं. कारागिराची डब्यातली केळी म्हणून बाहेर पायरीवर असतात, आणि गल्लीतल्या गायीला ते ठाऊक आहे.

लिलियम असलं की आणखी एक काम: उमलत्या फुलातले केशरी पराग काढून टाकायचे. कपड्याला लागले तर पाण्याने पुसायचे नाहीत, डाग पसरतो, चिकटपट्टीने टिपायचे. आणि घरात मांजर असेल तर लिली नकोच. मांजराच्या मूत्रपिंडाला ती विषारी आहे, पराग चाटले तरी. हे मी ऑर्डर घेतानाच विचारते. लोक हसतात.

सकाळी साडेनऊ

फोन सुरू होतात, तेव्हा खरा धंदा सुरू होतो. माझ्या सासऱ्यांचा हाराचा गाळा मंडईजवळ होता. गिऱ्हाईक समोर यायचं, हार हातात घेऊन बघायचं, घासाघीस करायचं, न्यायचं. बुकेचं गणित वेगळं. पैसे देणारा फूल बघत नाही, फूल बघणाऱ्याला किंमत माहीत नसते, आणि दोघांच्या मधे मी. त्यामुळे माझ्याकडे फुलांपेक्षा प्रश्न जास्त असतात.

संकेतस्थळावरून आलेल्या ऑर्डरमध्ये प्रश्नाला जागाच नसते. तिथे फोटो असतो. आज सकाळी आलेल्या एका फोटोत पिओनी होत्या. पिओनी! ते थंड देशांतलं फूल, पुण्यात डिसेंबरच्या गुरुवारी ते मी कुठून पैदा करू? खाली बारीक अक्षरात ‘उपलब्धतेनुसार बदल संभवतो’ असं लिहिलेलं असतं, ते फक्त मी वाचते. गिऱ्हाईक भरतं हजार, माझ्या हाती पडतात सातशेच्या आसपास, त्यात पोचवणं माझ्याकडे, आणि फोटोसारखं झालं नाही म्हणून बोलणीही माझ्याकडे. तरी मी त्या ऑर्डरी घेते. मंगळवार-बुधवारी, लग्न नसताना, त्यांच्यावरच वीजबिल निघतं.

माझा आग्रह एवढाच असतो की फोटो बघून मागवू नका. किती रुपयांपर्यंत, कोणासाठी, कशासाठी, कुठला रंग अजिबात नको, हे सांगा आणि पुढचं फुलवाल्यावर सोडा. ‘आज काय आलंय?’ असं विचारणारं गिऱ्हाईक आलं की माझा कारागीरसुद्धा खूश होतो, कारण त्या बुकेत आजचा सगळ्यात ताजा माल जातो. फोटो हट्टाने धरला की त्या फोटोतलं फूल शोधावं लागतं, आणि शोधून आणलेलं फूल बहुधा परवाचं असतं.

दहाला मेलबर्नहून फोन. तिथे दुपारचे साडेतीन. मुलगी असावी तिशीतली.

‘काकू, माझ्या बाबांची आज पंचाहत्तरी आहे. पंचाहत्तर लाल गुलाब पाठवायचेत. फोटो पाठवलाय बघा.’

‘बघितला. पण लाल आज नाहीये तेवढा. आणि पंचाहत्तर गुलाबांचा बुके धरायला दोन माणसं लागतात. बाबा एकटेच असतात का घरी?’

‘आई आहे. पण काकू, आकडा महत्त्वाचा आहे ना.’

‘आकडा कार्डावर लिहू. बाबांना कुठलं फूल आवडतं?’

तिकडे थोडा वेळ शांतता. हा प्रश्न विचारला की नेहमीच होते. नवऱ्याला, बायकोला, मैत्रिणीला काय आवडतं ते लोक पटकन सांगतात. वडिलांना कुठलं फूल आवडतं हे कुणाला पटकन सांगता येत नाही.

‘सोनचाफा,’ ती म्हणाली. ‘ते शाळेतून येताना... हो, सोनचाफा. मिळेल?’

‘बुकेत नाही टिकत तो. संध्याकाळपर्यंत तपकिरी पडतो. वास हवा असेल तर गुलछडी घालते. आणि पिवळा गुलाब आज फार सुंदर आलाय.’

‘चालेल. पण ते ओरडतील हां, फुलांवर पैसे घालवले म्हणून.’

‘ओरडू द्यात. घरात आलेली फुलं कोणी परत पाठवत नाही. फुलदाणी आहे का?’

‘फुलदाणी? नसेल बहुतेक. तांब्या आहे.’

पुण्याच्या घरात तांब्याच असतो. मी काड्या तांब्याच्या मापाने कापते. काचेच्या फुलदाणीच्या मापाने ठेवल्या तर बुके तांब्यात ठेवताक्षणी तोंडावर आपटतो.

मग पत्ता. सदाशिव पेठ, ज्ञानप्रबोधिनीजवळ. पूर्वी वाडा होता, आता इमारत आहे, नाव वाड्याचंच. तिसरा मजला, लिफ्ट आहे पण ‘बंद असते’. फोन नंबर तिने बाबांचा दिला. मी म्हटलं, शेजारच्यांचाही द्या. या धंद्यातला हा जुना पेच आहे: आधी फोन केला तर गंमत जाते, नाही केला तर बाबा पर्वतीला फिरायला गेलेले आणि दाराला कुलूप. यावर तोडगा म्हणजे ‘कुरिअर आहे, घरी आहात ना?’ एवढं निरुपद्रवी खोटं. आमचा डिलिव्हरीचा पोरगा ते दिवसभर बोलतो.

हे दूरच्या गावी फुलं पोचवणं काही मोबाइल आल्यावर सुरू झालेलं नाही. १९१० साली अमेरिकेतल्या १५ फुलवाल्यांनी एकमेकांत ठरवलं की तुमच्या गावची ऑर्डर माझ्याकडे आली तर मी तार करीन, फुलं तुम्ही तुमच्या दुकानातून द्यायची. फूल प्रवास करत नाही, निरोप करतो. शंभर वर्षांनंतरही व्यवस्था तीच. फक्त तेव्हा तारेत शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे फोटो पाठवायची सोय नव्हती. बरं होतं.

दुपारी बारा

बांधायला सुरुवात. बाबांचा बुके मी स्वतः घेतला.

डाव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटामध्ये गुलछडीची एक काडी उभी धरते. दुसरी काडी तिच्यावर तिरकी, वरचं टोक डावीकडे, खालचं उजवीकडे. तिसरी तशीच. प्रत्येक काडी त्याच दिशेने तिरकी पडली पाहिजे. एक जरी उलट गेली तर सगळं अडकतं. दोन-तीन काड्या झाल्या की मुठीतला जुडगा थोडा फिरवायचा आणि पुढची काडी लावायची. पिवळा गुलाब, कामिनीची फांदी, पांढरी शेवंती, पुन्हा गुलाब. अंगठ्याची पकड जिथे आहे तो एकच बिंदू सगळ्या काड्यांना सांभाळतो. तिथेच सुतळीचे तीन वेढे, घट्ट, पण काडी चेपणार नाही इतकेच. खालून टोकं एका रेषेत कापली की बुके टेबलावर आपला आपण उभा राहतो. उभा राहिला नाही तर कुठेतरी काडी उलटी गेलीये. सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. आजचा एकदा डुलला आणि उभा राहिला. गुलछडीच्या खालच्या कळ्या उमलल्यात, वरच्या अजून मिटलेल्या. दोन दिवसांनी घरात वास यांचाच असेल.

कारागीर तेवढ्या वेळात दोन बांधतो. त्याची पद्धत बाजारी: मागे पाला, पुढे चढत्या उतरंडीने फुलं, खाली ओला कापूस, वर कागद, रिबीन. समोरून भरगच्च दिसतं, मागून काही नसतं. स्टेजवर द्यायच्या बुकेला तेच योग्य, कारण तो फोटो काढण्यापुरता हातात असतो आणि मग खुर्चीखाली जातो. मी त्याला नावं ठेवत नाही. टोपल्यांसाठी तो हिरवा फोम वापरतो. तो पाणी धरून ठेवतो, पण मातीत मिसळत नाही, वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यांनी तसाच राहतो. मी तो कमी करत आणलाय. पूर्णपणे बंद करायचा तर टोपली महाग पडते आणि गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. चकचकीत प्लास्टिकची गुंडाळी मात्र २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या सुमारास सोडली ती सोडलीच. तपकिरी कागदात पिवळा गुलाब जास्त उठून दिसतो हे त्यामुळे कळलं.

कार्ड मी हाताने लिहिते. निरोप येतात ते इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, आणि त्या लिपीत ‘बाबा’ आणि ‘बाब’ एकच. मेलबर्नच्या निरोपात शेवटी ‘पंचाहत्तर गुलाब उधार’ असं होतं. तसंच लिहिलं.

दुपारी एक ते चार

या वेळेतल्या झोपेवर पुण्यात पुरेसे विनोद झालेत. मी फक्त एवढं सांगते की या वेळात पेठेत बेल वाजवली तर सर्वांत सुंदर बुकेचंही स्वागत होत नाही. आम्ही जेवतो, बादल्यांतलं पाणी बदलतो, हिशेब लिहितो. हिंजवडीच्या ऑर्डरी मात्र याच वेळात काढते. तिथे झोपलेलं कुणी नसतं, अडचण फाटकाची. सुरक्षारक्षक बुके आत जाऊ देत नाही, ज्याच्यासाठी आहे तो बैठकीत, फोन उचलत नाही, आणि बुके रक्षकाच्या टेबलावर उन्हात दोन तास. म्हणून कंपनीच्या पत्त्यावर पाठवणाऱ्याला मी सांगते की फुलं घरी पाठवा, ऑफिसला पेढे पाठवा. ऐकत नाहीत. ऑफिसात फुलं आलेली इतरांनी बघावीत, यासाठीच तर ती पाठवलेली असतात. तेही खरंच.

दुपारी साडेचार

डिलिव्हरीचा पोरगा स्कूटरच्या पायाकडच्या जागेत बादली ठेवतो, बादलीत बुके, आणि बुके दोन पायांत अलगद. पाठीवरच्या मोठ्या पिशवीत घालून नेणारे आहेत, त्यांचे जरबेरे मुंडक्यावाचून पोचतात. डिसेंबर आहे म्हणून ठीक. मे महिन्यात सिग्नलला तीन मिनिटं थांबलं तरी फूल रडकुंडीला येतं, तेव्हा सगळं सकाळी दहाच्या आत किंवा सहानंतर.

पोरगा बीडचा. नकाशावर त्याचा विश्वास होता तो पेठांनी घालवला. फोनमधला बाण अरुंद बोळाच्या तोंडाशी गोल फिरत राहतो, आणि लोक पत्ता सांगतात देवांच्या नावांनी: खुन्या मुरलीधराच्या पुढे, पासोड्या विठोबाच्या अलीकडे, जिलब्या मारुतीच्या समोरचा बोळ. आता त्याला ते सगळे देव पाठ आहेत. कोथरूडला अडचण उलटी. तिथे इमारती नव्या, नावं गोड आणि सारखी. एकाच रस्त्यावर दोन ‘साईप्रसाद’. त्यामुळे माझ्या ऑर्डरच्या वहीत पत्त्याच्या खाली एक ओळ सक्तीची आहे: ‘खाली काय आहे?’ खाली दवाखाना आहे, पिठाची गिरणी आहे, वाण्याचं दुकान आहे. इमारतीचं नाव दहा माणसांना माहीत नसतं, गिरणी सगळ्यांना.

पोराला दोन गोष्टी बजावलेल्या आहेत. किंमत सांगायची नाही, कितीही विचारली तरी. आणि कार्डात काय लिहिलंय ते आपण वाचलेलं नाही असं तोंड ठेवायचं.

पावणेसहाला त्याचा फोन. ‘ताई, सदाशिव पेठ झालं. आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, केवढ्याला पडला?’

‘मग?’

‘म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, मग कोणाला माहिती आहे? आजींनी मला तीळवडी दिली.’

‘आणि बुके?’

‘तांब्यात नाही मावला. कळशीत ठेवलाय.’

त्याने काढलेला फोटो मी मेलबर्नला पाठवला. फोटोत आजोबा कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचतायत. चष्मा कपाळावर आहे. तिचं उत्तर आलं नाही. तिथे तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा असणार.

संध्याकाळी सात

आता समोरची गिऱ्हाइकं. महालक्ष्मीच्या पूजेच्या वेण्या मामांनी तासाभरात संपवल्या, त्याच्यापुढे माझी कमाई किरकोळ. एक मुलगा एकच गुलाब घेऊन गेला, तो कागदात गुंडाळू नका म्हणाला, मग परत येऊन गुंडाळा म्हणाला. एका बँकेचे साहेब निवृत्त होतायत, त्यांच्यासाठी मोठी टोपली. एक पुष्पचक्र. ते मी कायम मागच्या टेबलावर, वेगळ्या माणसाकडून बांधून घेते. वाढदिवसाची रिबीन आणि पुष्पचक्राची पट्टी एका टेबलावर येता कामा नये.

मग आपल्या ओळखीचे एक गृहस्थ, सांस्कृतिक कार्यक्रमांचे संयोजक. पूर्वी कार्यक्रमाला सहा-सात बुके न्यायचे. आता ‘बुके नको, बुक द्या’. २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की पंतप्रधानांच्या स्वागताला पुष्पगुच्छ नको, फार तर एक फूल, खादीचा रुमाल किंवा पुस्तक. त्याच्या आगेमागे ही घोषणा इथे घरोघर गेली. पुस्तकाला माझा विरोध असायचं काही कारण नाही. पण त्यांनी देऊन-घेऊन झालेली पुस्तकं दुसऱ्या कार्यक्रमाला पुन्हा देताना मी पाहिलीयत, न उघडलेली. बुकेचं तसं करता येत नाही, ही मी त्याची जमेची बाजू समजते. शिवाय मावळातल्या त्या माणसाची पट्टी पुस्तकातून निघत नाही. गृहस्थ आज एक गुलाबाची काडी घेऊन गेले. पुस्तकाबरोबर द्यायला.

रात्री साडेनऊ

संकेतस्थळाकडून शेवटची ऑर्डर: रात्री बारा वाजता, बालेवाडी, लाल गुलाब, सोबत केक. नाकारली. बारा वाजता पोचवायचा बुके सहा वाजता बांधलेला असतो, सहा तास कोरडा. घेणारा झोपेतून उठून दार उघडतो, फूल बघत नाही, मोबाइलकडे बघतो. आणि माझ्या पोराने मध्यरात्री अनोळखी सोसायटीच्या फाटकाशी वाद का घालावा? या नकाराने माझं मानांकन खाली जातं. जाऊ दे.

उरलेलं मोजलं. लाल संपला. पीचचे दोन बंच फ्रीजमध्ये, टोकं कापून. जरबेरा अर्धा बंच, उद्या सकाळच्या टोपलीत जाईल, बुकेत नाही. मान टाकलेली फुलं, पाला, काड्यांची टोकं ओल्या कचऱ्याच्या पिंपात. सुतळी, पिन, रिबीन त्यातून वेचून काढायचं काम मामांचं, आणि ते करताना ते ज्या शब्दांत बुकेचा उद्धार करतात ते ऐकण्यासाठी मी मुद्दाम थांबते. एका कार्यालयाच्या बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत; वर्षभर टेबलावर ताजी फुलं हवीत, आणि पैसे मार्चनंतर.

मग आडत्याला उद्याची यादी पाठवली: लाल साठचे पाच बंच, पांढरा दोन, जरबेरा चार, शेवंती काडी तीन, जिप्सी एक, लिलियम भाव उतरला तरच.

त्याचं उत्तर दुकानाचं शटर ओढताना आलं. ‘लाल उद्या पण नाही ताई. तिथी आहे. पीच पाठवू?’